मधली तीस वर्षं

व्हिंटेज कार रॅलीला जमणाऱ्या गर्दीचे ढोबळमानाने तीन प्रकार असतात. पहिला प्रकार मोबाइल काढून थेट बोनेटला टेकणारा. गाडी कुठली, कधीची, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, फोटोत चकाकली म्हणजे झालं. दुसरा प्रकार म्हणजे 'हिचं मायलेज काय हो?' असं विचारणारा. हा आपल्या मातीतला अस्सल माणूस. ताजमहालासमोर उभा केलात तरी तो पर स्क्वेअर फूट रेट विचारेल. आणि तिसरा प्रकार तुमच्या लक्षातही येत नाही. साठीचा एखादा गृहस्थ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. तो गाडीकडे बघतच नाही, वाकून गाडीच्या खाली बघतो. तेल गळतंय का, कुठून गळतंय आणि किती गळतंय, हे बघून झालं की मगच तो मान वर करतो.

माझा सल्ला विचाराल तर पुढच्या रॅलीला या तिसऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहा. कारण त्याला ठाऊक असतं की या गाडीला विचारायचा खरा प्रश्न एकच आहे. किंमत किती, हा नव्हे. टॉप स्पीड किती, हाही नव्हे. प्रश्न हा की, बाई गं, तू वाचलीस कशी?

पण आधी शब्दांचा घोळ मिटवू. हल्ली बाबांचं घड्याळ, आजीची पैठणी आणि कॉलेजातला फोन, सगळंच 'व्हिंटेज' असतं. गाड्यांच्या दुनियेत इतकी ढिलाई चालत नाही. ब्रिटिश शौकिनांच्या हिशेबात १९०४ पर्यंतच्या गाड्या 'व्हेटरन', तिथून पहिलं महायुद्ध संपेपर्यंतच्या 'एडवर्डियन' आणि १९१९ ते १९३० या काळातल्या 'व्हिंटेज'. त्यानंतरच्या देखण्या, दर्जेदार गाड्यांना आपण सैलपणे 'क्लासिक' म्हणतो. अमेरिकेतल्या क्लासिक कार क्लबवाल्यांची 'फुल क्लासिक'ची व्याख्या वेगळी, १९१५ ते १९४८. आपल्या सरकारने २०२१ साली स्वतःची व्याख्या केली, ती या सगळ्यांपेक्षा सोपी आहे. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षांहून जास्त वय आणि गाडी मूळ रूपात. झाली व्हिंटेज. हा पन्नासचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घाट चढलेलं भूत

आता एक गोष्ट सांगतो, आपल्याच रस्त्यावरची. साल १९०८. मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी ठरली. आज आपण पहाटे निघतो, फूड मॉलला वडापाव खातो आणि तरीही पोचल्यावर 'कंबर गेली राव' म्हणतो. तेव्हाचा तो रस्ता डोळ्यांपुढे आणा. गुळगुळीत डांबर नाही, पेट्रोल पंप नाहीत, सह्याद्रीचे घाट मात्र आहेत तिथेच आणि आहेत तेवढेच. गाडीच्या पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत. सुरू करायला चावी किंवा बटण नाही. पुढे जाऊन हँडल मारायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट गेलंच म्हणून समजा.

या कसोटीत रोल्स-रॉइसची '४०/५०' उतरली होती, म्हणजे जिला जग 'सिल्व्हर घोस्ट' म्हणून ओळखतं ते मॉडेल. सहा सिलिंडर, सात लिटरचं इंजिन. आदल्याच वर्षी, १९०७ मध्ये, याच मॉडेलची रुपेरी रंगाची एक गाडी लंडन आणि ग्लासगोच्या दरम्यान इतक्या खेपा घालून आली होती की तिचं सुमारे १५,००० मैलांचं रनिंग झालं. रंग रुपेरी आणि चाल भुतासारखी, आवाजच नाही. म्हणून ती 'चांदीचं भूत'. मुंबईत आलेल्या तिच्या बहिणीचं नाव मात्र जास्त रोमँटिक होतं, 'पर्ल ऑफ द ईस्ट', पूर्वेचा मोती. या मोत्याने घाट चढून कसोटी जिंकली आणि लगेच एक बडं गिऱ्हाईक मिळवलं. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती गाडी घेतली.

हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांचं रोल्स-रॉइसवरचं प्रेम आपण ऐकून असतो. त्या प्रेमप्रकरणाच्या सुरुवातीच्या पानांवर आपले मुंबई-कोल्हापूरचे घाट आहेत, हे मात्र आपल्याला कुणी सांगत नाही. जाहिरातबाजीच्या भाषेत बोलायचं तर तो डेमो होता, आणि डेमो द्यायला कंपनीने बेल्जियमचा सपाट रस्ता निवडला नव्हता.

चासी त्यांची, शिलाई आपली

जुन्या आलिशान गाड्यांबद्दल आपल्या पिढीला सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. रोल्स-रॉइस पूर्ण गाडी विकतच नसे. चक्क दुसऱ्या महायुद्धापर्यंत! कंपनी तुम्हाला द्यायची ती चासी, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रेडिएटर. थोडक्यात, उत्तम प्रतीचं कापड. मग ते कापड घेऊन तुम्ही शिंप्याकडे जायचं. या शिंप्याला म्हणायचे कोचबिल्डर. बार्कर, हूपर, गर्नी नटिंग ही लंडनची नावं. पॅरिसला फिगोनी ए फालाशी, साऊचिक. ते तुमचं माप घ्यायचे. साहेब उंच आहेत, फेट्यासकट बसणार, तर टप वर घ्या. बाईसाहेब पडद्यात बसणार, तर मागे काचेला पडदे. शिकारीला जाणार, तर बंदुका ठेवायला जागा आणि मोठा सर्चलाइट.

आत ॲश झाडाच्या लाकडाचा सांगाडा, वर हाताने ठोकून वळवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. मडगार्डचा तो जो एक लांबसडक उतार दिसतो ना, तो प्रेसमधून निघालेला नाही. एका माणसाने पत्रा मागेपुढे करत, हात फिरवून अंदाज घेत, दिवसच्या दिवस घालवून तो काढलाय. म्हणून एकाच सालच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तरी त्या जुळ्या दिसत नाहीत. पुढच्या वेळी मडगार्डवरून हात फिरवू नका (मालक ओरडेल), पण नजर जरूर फिरवा. डाव्या आणि उजव्या बाजूत सुतभर फरक दिसला तर तो दोष समजू नका, ती सही आहे.

आपल्या गाड्यांचं काय असतं? शोरूममध्ये पाच रंग, तीन व्हेरिएंट. आणि सनरूफ हवं असेल तर आठ महिने वेटिंग. असो.

बोनेटवरची मुलगी

रोल्स-रॉइसच्या बोनेटवर पुढे झुकलेली, पंखांसारखं वस्त्र मागे उडणारी ती छोटी मूर्ती, 'स्पिरिट ऑफ एक्स्टसी', तुम्ही पाहिली असेलच. चार्ल्स साइक्स नावाच्या शिल्पकाराने ती १९११ मध्ये घडवली. तिच्यासाठी मॉडेल होती एलिनॉर थॉर्न्टन, असं मानलं जातं. ही लॉर्ड मॉन्टेग्यू यांची सेक्रेटरी. म्हणजे आपल्यासारखीच ऑफिसात काम करणारी. मॉन्टेग्यू मोटारींचे पराकोटीचे शौकीन, मोटारींवर नियतकालिक काढणारे. दोघांचं प्रेम होतं, पण लॉर्डसाहेब आधीच विवाहित. त्या काळच्या इंग्लंडात या नात्याला नाव मिळण्यासारखं नव्हतं.

डिसेंबर १९१५. मॉन्टेग्यूंना लष्करी वाहनांच्या कामासाठी हिंदुस्थानात यायचं होतं. 'पर्शिया' नावाची बोट लंडनहून मुंबईला निघाली. एलिनॉर सोबत होती. ३० डिसेंबरला भूमध्य समुद्रात, क्रीट बेटाजवळ, जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला आणि बोट काही मिनिटांत बुडाली. मॉन्टेग्यू वाचले. एलिनॉर गेली.

त्या बोटीचं शेवटचं बंदर मुंबई होतं. ती बोट कधी इथे पोचली नाही. पण बोनेटवरची ती मुलगी मात्र पुढे असंख्य गाड्यांवर बसून याच बंदरात उतरत राहिली. रॅलीत एखाद्या रोल्ससमोर उभे राहिलात तर पहिला फोटो तिचा काढा. तुमचा नंतर.

होळकरांची केशरी-काळी

शिंद्यांची गोष्ट झाली आणि होळकर मागे राहिले, असं मराठ्यांच्या इतिहासात कधी झालंय का? इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर हे त्या पिढीतले बहुधा सगळ्यात मॉडर्न महाराज. बाकीचे संस्थानिक महालांत झुंबरं टांगत होते, तेव्हा यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून माणिकबाग राजवाडा सजवून घेतला. स्टीलच्या नळ्यांच्या खुर्च्या, साध्या सरळ रेषा. ब्रँकुसीची शिल्पं घेतली, मॅन रेकडून फोटो काढून घेतले. आजच्या डिझाइन मासिकात जसाच्या तसा छापावा असा टेस्ट, तोही १९३०च्या दशकात.

अशा माणसाने १९३५ साली अमेरिकेकडे बघितलं आणि 'ड्यूसेनबर्ग' घेतली. हे नाव आज तोंडात घोळवायलाही जड जातं, पण तेव्हा ते अमेरिकेतल्या श्रीमंतीचं शिखर होतं. १९२८ मध्ये आलेल्या 'मॉडेल जे'ला एका रांगेत आठ सिलिंडर, ६.९ लिटर, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. ताकद २६५ हॉर्सपॉवर, असा कंपनीचा दावा. आपल्या लाडक्या मारुती ८००ची ताकद चाळिसाच्या आत होती, म्हणजे हिशेब करा. होळकरांची होती 'एसजे'. तिला वर सुपरचार्जर, दावा ३२० हॉर्सपॉवरचा. चासी अमेरिकेची, शिलाई लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग इंदूरचे, केशरी आणि काळा. लांबलचक, उघडी स्पीडस्टर. अशी दुसरी बनली नाही.

तिचा फोटो बघितलात तर एक गोष्ट जाणवेल. गाडीवर हिरेमाणकं नाहीत, चांदीचे हत्ती नाहीत, सिंहासन नाही. नुसती एक रेष आहे, पुढच्या दिव्यांपासून निघालेली, मागच्या टोकापर्यंत न अडखळता गेलेली. पैसा खूप जणांकडे होता. रेष ओळखणारी नजर होळकरांकडे होती. ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ मध्ये बंद पडली. होळकर १९६१ मध्ये गेले. गाडी पुढे अमेरिकेतल्या संग्राहकांकडे पोचली आणि आज ती जगातल्या नामवंत गाड्यांत गणली जाते.

चारशे डॉलरची बुगाटी

इथवर सगळं छान छान झालं. आता त्या तिसऱ्या माणसाच्या प्रश्नाकडे येऊ. या वाचल्या कशा?

बऱ्याचशा वाचल्याच नाहीत, हे खरं उत्तर. आणि त्यांना युद्धाने किंवा अपघाताने जितकं मारलं नसेल तितकं साध्या कंटाळ्याने मारलं. गाडी नवी असते तेव्हा तिचे लाड होतात. गाडी पन्नास-साठ वर्षांची होते तेव्हा पुन्हा लाड होतात. मधल्या काळात ती फक्त जुनी असते. फॅशन गेलेली, पार्ट न मिळणारी, पेट्रोल पिणारी, जागा अडवणारी. तिची किंमत तिच्या दुरुस्तीच्या बिलापेक्षा कमी होते, आणि तो दिवस आला की भंगारवाला दारात उभा राहतो. कित्येक सिल्व्हर घोस्टची उंची बॉडी उतरवून त्यांचा टेम्पो केला गेला, कुणाची शववाहिका झाली. इंजिन मरेना, म्हणून राबवत राहिले.

सगळ्यात बोलकं उदाहरण बुगाटी रोयालचं. १२.७ लिटरचं इंजिन, राजेमहाराजांसाठी म्हणून बनवलेली, आणि नेमकी जागतिक मंदीत बाजारात आलेली. गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या फक्त तीन. आज जगात सहा उरल्यात. या सहांतली एक अमेरिकेत न्यूयॉर्कच्या भंगारात पडली होती. जनरल मोटर्सच्या चार्ल्स चेन नावाच्या इंजिनीअरने तिला हेरलं आणि १९४६ साली ४०० डॉलरला घेतलं. नीट केली, वापरली, आणि पुढे हेन्री फोर्ड म्युझियमला देऊन टाकली. आज तिच्यावर किमतीची चिठ्ठी लावायची तर कुठला आकडा लिहायचा? २०२२ मध्ये मर्सिडीजची एक १९५५ सालची ३०० एसएलआर कूपे १३ कोटी ५० लाख युरोला विकली गेली, यावरून अंदाज बांधा. पण १९४६ मध्ये रोयालचं वय किती होतं? जेमतेम पंधरा. ती 'व्हिंटेज' नव्हती. जुनी गाडी होती. चेनसाहेबांनी ऑफिसातल्या कुणाला सांगितलं असेल तर तो नक्की म्हणाला असेल, 'अरे, ठीकठाक गाडी घे ना एखादी!'

आपल्याकडे हा मधला काळ जास्तच क्रूर होता. संस्थानं विलीन झाली. १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन तनखे बंद झाले. ज्या गॅरेजमध्ये वीस गाड्या आणि तेवढेच ड्रायव्हर-क्लीनर होते, तिथे वीस टायरांचे पैसे निघेनात. गाड्या मिळेल त्या भावाने गेल्या. कुणी सिनेमाच्या शूटिंगला भाड्याने देऊ लागलं, कुणाच्या तबेल्यात कोंबड्यांनी अंडी घातली, कितीतरी परदेशी गेल्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने अशा जुन्या गाड्या देशाबाहेर न्यायला बंदी केली, तेव्हा कुठे गळती थोडी आटोक्यात आली. ज्या राहिल्या त्या कायद्याने कमी आणि माणसांच्या हट्टाने जास्त राहिल्या. एखादा पारशी बावाजी, एखादा कापड व्यापारी, आणि त्यांच्यासोबत एखादा मिस्त्री, ज्याने मॅन्युअल न बघता, पुस्तक न वाचता, तुटलेला पार्ट लेथवर कातून पुन्हा बसवला.

वीस आणि पन्नास

आता जरा आकडेमोड. घाबरू नका, एक्सेल उघडायची गरज नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात, मोठे फेरफार न केलेली. तिच्यासाठी 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोज ऑफिसला नेता येणार नाही, पण रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, याला परवानगी. छान आहे. हा नियम फार आधी यायला हवा होता.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२१ मध्ये, गाड्या भंगारात काढण्याचं धोरण आलं. खासगी गाडी वीस वर्षांची झाली आणि फिटनेसमध्ये नापास झाली की तिची नोंदणी गेली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग तर आधीपासून होतंच, पण त्याची फी २०२२ मध्ये एका झटक्यात ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. हेही समजण्यासारखं आहे. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावर नकोतच, फुफ्फुसं आपलीच आहेत.

पण दोन्ही कागद शेजारी ठेवा. वीसपर्यंत गाडी 'वापरातली'. पन्नासच्या पुढे गाडी 'वारसा'. आणि मधली तीस वर्षं? मधली तीस वर्षं ती कुणाचीच नाही. जी गाडी पन्नाशीला पोचून सरकारी कौतुक मिळवणार, तिला त्याआधी तीस वर्षं दर पाचेक वर्षांनी स्वतःच्या हिमतीवर जिवंत राहून दाखवायचंय. चाळिशीतल्या हुशार पण नोकरी गेलेल्या माणसासारखी तिची अवस्था. फ्रेशर नाही, सीनिअरही नाही.

पहिल्या प्रीमियर पद्मिनी १९७४ च्या. म्हणजे २०२४ पासून त्या कायद्याने व्हिंटेज व्हायला पात्र झाल्या. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निघून गेली, वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून. एक बहीण सन्मानित, दुसरी भंगारात. फरक फक्त मधल्या तीस वर्षांचा.

सोसायटीतली ई २२०

हे सगळं मला परवा एका मैत्रिणीमुळे नव्याने जाणवलं. पुण्यात तिच्या बाबांच्या सोसायटीत, पार्किंगच्या कोपऱ्यात, कव्हरखाली एक मर्सिडीज उभी आहे. १९९६ ची ई २२०. जाणकार हिला 'डब्ल्यू १२४' म्हणतात. मर्सिडीजने भारतात बनवलेलं हे पहिलं मॉडेल, १९९५ पासून, आणि बनवलं कुठे? पुण्यात. टेल्कोच्या आवारात. हिचं एक वैशिष्ट्य सांगतो. समोरच्या काचेला वायपर एकच. पण तो नुसता डावीउजवीकडे जात नाही. मध्ये आत ओढला जातो, कोपऱ्याकडे बाहेर सरकतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. दोन वायपर लावले असते तर स्वस्तात काम झालं असतं. पण त्या इंजिनीअरांना 'काम झालं' एवढं पुरत नव्हतं.

काकांनी ही गाडी कारखाना चांगला चालत होता तेव्हा घेतली. आता काका चौऱ्याहत्तरचे, गाडी तिशीत. पासिंगची तारीख पुन्हा आलेली. सेक्रेटरींची नोटीस: न वापरातली वाहने आठ दिवसांत हलवावीत. शिवाय एक एजंट दोनदा येऊन गेला. त्याने सांगितलेली रक्कम ऐकून मैत्रीण म्हणाली, 'यात तर चांगली स्कूटर येईल फक्त.' काकांचं म्हणणं, 'देऊन टाक. मला आता क्लच... म्हणजे गाडीच जड जाते गं. आणि तू कुठे चालवणारेस? तुला तुझी ती बॅटरीवाली आवडते.'

तिने मला विचारलं, ठेवू का? मी शौकीन माणूस, माझं उत्तर तिला आधीच माहीत होतं, त्यामुळे माझ्या मताला तिच्या लेखी किंमत शून्य. म्हणून आम्ही एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी कव्हर काढलं, वाकून आधी खाली बघितलं (तोच तो तिसरा माणूस!), बोट लावून तेलाचा वास घेतला आणि म्हणाले, 'ताई, हिला आजार नाही. हिला कुणी फिरवत नाही, एवढंच. बॅटरी, टायर, रबराचे पाइप, ब्रेकचं ऑइल. इंजिनाला हात लावायचा नाही.' मग मैत्रिणीने विचारलं, रंग काढून नवा मारायचा का, लाल वगैरे? मेकॅनिक गप्प झाले. नंतर एवढंच म्हणाले, 'रंग काय, कधीही मारता येतो. जुना पुन्हा आणता येत नाही.'

मंडळी, हे वाक्य कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या परीक्षकांना कळायला बरीच वर्षं लागली. जगातली ही सगळ्यात मानाची गाड्यांची सौंदर्यस्पर्धा १९५० पासून भरते. तिथे वर्षानुवर्षं जिंकत आल्या त्या आरशासारख्या घासूनपुसून नव्या केलेल्या गाड्या. नट-बोल्टसुद्धा चकचकीत. २०२४ मध्ये पहिल्यांदा उलटं घडलं. सर्वोच्च बक्षीस मिळालं ते १९३४ च्या बुगाटी 'टाइप ५९'ला. एकेकाळी बेल्जियमच्या राजाकडे असलेली रेसिंग कार, आणि रिस्टोअर न केलेली. रंग ठिकठिकाणी उडालेला, कातडं भेगाळलेलं. गाडी जशी जगली तशीच उभी. आणि परीक्षक म्हणाले, हीच. आपल्या सरकारी नियमातली 'मूळ रूपात' ही अटही शेवटी हेच सांगते.

मैत्रिणीच्या गाडीचं पुढे काय झालं? खर्च झाला, नाही असं नाही. एका वीकेंड ट्रिपचे पैसे गेले आणि वर थोडे. पासिंग झालं. सेक्रेटरींना तिने गाडी सुरू करून, गेटबाहेर नेऊन, परत आणून दाखवली, म्हणजे 'न वापरातली' हा शब्द गळून पडला. आता दर दुसऱ्या रविवारी ती बाबांना घेऊन जाते. ती चालवते, काका शेजारी बसून चुका काढतात. २०४६ मध्ये ही गाडी पन्नाशी गाठेल. तेव्हा मैत्रीण स्वतः साठीच्या जवळ असेल.

तुमच्या पार्किंगमध्ये बघा

ड्यूसेनबर्ग तुमच्या-माझ्या नशिबात नाही. आपलं सगळ्यांचं पॅकेज एकत्र केलं तरी तिचा एक टायरही येईल की नाही, शंका आहे. पण बुगाटी रोयाल ज्या वयात भंगारात होती, त्याहूनही जुन्या गाड्या आपल्या आजूबाजूला उभ्या आहेत. काँटेसा. ११८ एनई. ती ई २२०. आजोबांची पद्मिनी. यातली एखादी घरात असेल तर चार गोष्टी करा. आरसी बुक आणि जुनी बिलं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला, इंजिन आणि चासी नंबर जुळतायत ना ते बघा. महिन्यातून दोनदा गाडी गरम होईपर्यंत चालवा, नुसतं जागेवर इंजिन चालू करून ठेवणं म्हणजे व्यायाम नव्हे. ॲलॉय व्हील, टचस्क्रीन, मॅट ब्लॅक रॅप हे मोह टाळा, आणि जे मूळ पार्ट काढाल ते फेकू नका, खोक्यात भरून ठेवा. चौथी गोष्ट, ती गाडी ओळखणारा मेकॅनिक शोधा आणि दिवाळीला त्याच्याकडे मिठाई घेऊन जा. तो साठीच्या पुढे असेल. त्याच्या हाताखाली एखादा पोरगा शिकतोय का, तेही विचारून या. पार्ट कुठूनतरी मागवता येतात, हात मागवता येत नाहीत.

आणि घरात अशी गाडी नसेल? तर मग रॅलीला या. मायलेज विचारू नका. वाकून खाली बघा. चार थेंब तेल पडलं असेल तर पडू द्या. जिथे तेल आहे तिथेच गळतं.